घरचे उद्योग: काचेचं पोट

गेल्या अंकातल्या गळक्या नळाच्या लेखावर बऱ्याच वाचकांचे फोन आले. दोघांनी तर विचारलं, "तुमच्या घरात सगळं गळतंच का हो?" त्यांना नमस्कार करून या वेळी जे गळलं नाही, पण नक्की गळलं असतं, त्याची हकीकत सांगत आहोत.

आमच्या बैठकीच्या खोलीत चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि वीस इंच उंच असा फिशटँक आहे. चिरंजीव कॉलेजला गेले आणि मासे आमच्या गळ्यात बांधून गेले. टँक रिमलेस, म्हणजे वरच्या काठाला ना चौकट ना पट्टी. नुसत्या काचा एकमेकींना चिकटवलेल्या. दिसतो मात्र झकास. सेकंडहँड, स्वस्तात मिळाला, म्हणून काचेची जाडीसुद्धा न मोजता उचलून आणला. ऑफिसात दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर लाल खुणा करायच्या आणि घरी दिव्याखाली अंधार!

यंदा आई सहा महिन्यांसाठी आली होती. संध्याकाळी टँकपाशी बसून पोथी वाचायची. एक दिवस म्हणाली, "अरे, या काचेत दिवा वाकडा का दिसतो? पोट सुटलंय हिचं." आम्ही सगळे हसलो. रात्री मात्र झोप लागेना. उठून टेप लावला. टँकची रुंदी दोन्ही टोकांना सारखी आणि मधोमध चार मिलिमीटर जास्त! म्हणजे पुढची काच दोन मिलिमीटर बाहेर, मागचीही दोन. काचेची जाडी भरली १० मिलिमीटर.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पाण्याची खोली ४८ सेंटिमीटर. दाब वर शून्य आणि खाली जाऊ तसा वाढत जातो. पुढच्या काचेवरचं एकूण ओझं निघालं सुमारे १४० किलो. दोन धडधाकट माणसं आतून काचेला टेकून रात्रंदिवस उभी आहेत असं समजा. तीन बाजूंनी काचेला शेजारणींचा आधार आहे. वरचा काठ मोकळा, म्हणून फुगवटा तिथे. टँकमध्ये पाणी होतं सुमारे २५० लिटर, खाली लाकडी फ्लोअर, आणि त्याच्या खालच्या खोलीत आई झोपते. हा शेवटचा आकडा कागदावर लिहावा लागला नाही.

उपाय सोपा: वरच्या काठाशी आतून काचेच्याच आडव्या पट्ट्या चिकटवायच्या. शनिवारी संध्याकाळी भरल्या टँकलाच पट्ट्या लावून मोकळं व्हावं असा आमचा बेत होता. सौ. शांतपणे म्हणाल्या, "अहो, सुटलेल्या पोटावर पट्टा बांधला तर पोट आत जातं का?"

आमची मास्टर्स डिग्री तिथेच गार पडली. खरंच आहे. फुगलेल्या काचेला पट्टी चिकटवली तर ती फुगवटा आहे तसाच धरून ठेवणार. काचेतला ताण काही जाणार नाही. आधार द्यायचा तर आधी ओझं उतरवायला हवं. पाणी निम्मं केलं की काचेवरचं ओझं चौथाई होतं, पण पट्टी चिकटवायला काच कोरडीही लागते. म्हणून टँक पूर्ण रिकामा केला. मासे दोन मोठ्या स्वच्छ प्लास्टिकच्या टबांत, टँकच्याच पाण्यात ठेवले. हीटर आणि फिल्टर तिथे चालू ठेवला, म्हणजे फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरत नाहीत. रिकाम्या टँकची रुंदी पुन्हा मोजली. सगळीकडे सारखी!

काचवाल्याकडून १० मिलिमीटर जाडीच्या, कडा घासलेल्या पट्ट्या आणल्या. ४६ इंच लांब आणि ३ इंच रुंद अशा दोन, पुढच्या-मागच्या काचांना आतून, काठाखाली एक इंचावर. त्या दोघींवर मधोमध आडवी तिसरी, १३ इंच लांब आणि ६ इंच रुंद, दोन्हीकडे एकेक इंच टेकेल अशी. तिच्यामुळे पुढची काच मागचीला धरून राहते. सिलिकॉन टँकसाठीचंच घ्या. बाथरूमचं नको, त्यात बुरशीनाशक असतं, ते माशांना विष. नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही, म्हणून पट्टीच्या जागेवरचं जुनं ब्लेडने खरवडून काच अॅसिटोनने पुसली. हातमोजे घाला, आमच्या अंगठ्याने हा सल्ला उशिरा ऐकला. सिलिकॉन वाळेपर्यंत पट्ट्यांखाली लाकडी ठोकळ्यांचा टेकू दिला.

घरभर व्हिनेगरचा वास सुटला. आईने विचारलं, "चायनीज आणलंय का रे?"

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत वाळत जातं. वरून बोटाला कोरडं लागलं तरी आत कच्चं असतं. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी, त्यामुळे आणखी वेळ लागतो. दहा दिवस थांबलो. त्यात तीनदा चिरंजीवांचा फोन: "बाबा, मासे कसे आहेत?" आई-बाबा कसे आहेत, हे एकदा विचारलं.

मग पाणी टप्प्याटप्प्याने भरलं, क्लोरीन काढणारं औषध घालून. आधी एक तृतीयांश आणि एक दिवस थांबून माप, मग आणखी. आता पातळी पट्ट्यांच्या खाली ठेवतो. पूर्ण भरल्यावर रुंदीतला फरक एक मिलिमीटरही नाही. चिरंजीव सुट्टीत आले, पट्ट्या पाहून म्हणाले, "बाबा, रिमलेसची मजाच गेली." आई तिथेच पोथी वाचत होती. म्हणाली, "दिवा सरळ दिसतो हो आता."

एक लक्षात ठेवा. जोडातून पाणी झिरपत असेल, काचेला टवका उडाला असेल किंवा स्टँड लेव्हलमध्ये नसेल, तर पट्ट्या लावून ते दुखणं बरं होत नाही. आधी ते पाहा. घरात असा टँक असेल तर आज रात्रीच टेप लावा, दोन टोकांना आणि मध्ये. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते दोन वर्षं केलं नव्हतं.

पुढच्या अंकात: बेसमेंटची ओल.