ऱ्हाईन नदीचा हिशेब

सभासद बंधूंनो, आडसाली लागण केली की आपण दीड वर्ष थांबतोच की! पण चार देशांनी मिळून काही काम काढले की दोन वर्षांतच लोक विचारतात, फायदा काय झाला?

युरोपातली ऱ्हाईन नदी घ्या. खोऱ्यातल्या पाच देशांनी १९५० साली तिच्या शुद्धीसाठी आयोग नेमला. बैठका झाल्या, करारही झाले. नदी मात्र घाणच राहिली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायचे पाणी विष घेऊन नदीत गेले, मासे मेले. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, सर्वांचा मिळून कार्यक्रम ठरला. इतक्या लवकर कसा? आमचे मत असे, की सदतीस वर्षे एकत्र बसायची सवय होती म्हणून. अशी सवय कोणत्याही वार्षिक अहवालात जमेला धरत नाहीत.

कसोटीही झकास ठेवली: २००० सालापर्यंत सॅल्मन मासा नदीत परत यावा. तो आला, उपनद्यांत अंडीही घालू लागला. मात्र २०२० पर्यंत त्याची वाट बाझेलपर्यंत मोकळी करायची होती, ते साधले नाही. वरच्या अंगाला विजेचे बंधारे आडवे आहेत, आणि तिथे अजून घोडे अडले आहे.