खोडलेली किंमत

स्टीमसारख्या डिजिटल दुकानात सेल लागला की गेमच्या पानावर एक छोटी चौकट दिसते. डावीकडे हिरव्या पट्टीत सवलतीचा टक्का, शेजारी रेघ मारून खोडलेली जुनी किंमत, तिच्याखाली आजची किंमत आणि सवलत कधी संपणार ती तारीख. बहुतेक ग्राहक खरेदीचा निर्णय एवढ्यावरच घेतात. हा टक्का दोन गृहीतकांवर उभा असतो: खोडलेली किंमत ही खरोखर चालू किंमत होती, आणि कमी पैशांत मिळणारी वस्तू ग्राहक समजतो तीच आहे. दोन्ही गोष्टी विक्रेता ठरवतो आणि दोन्ही ग्राहकाला दुकानाच्या पानावर पडताळता येत नाहीत. म्हणूनच आमचे म्हणणे असे की ही चौकट ग्राहक संरक्षण कायद्याच्या कसोटीवर तपासायचे विधान आहे, आणि ते तपासण्याचे काम ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते आणि ग्राहक आयोगांपुढे उभे राहणारे वकील यांनी आता अंगावर घ्यायला हवे.

आधी किमतीचे पाहू. स्टीमचे स्वतःचे नियम अगदीच ढिले नाहीत. गेमची किंमत वाढवली की पुढचे ३० दिवस तिच्यावर सवलत देता येत नाही. मोठे हंगामी सेल वगळता दोन सवलतींमध्येही अंतर राखावे लागते. आज किंमत दुप्पट करायची आणि उद्या ‘निम्म्या किमतीत’ म्हणून विकायची, ही जुनी चलाखी तिथे सहसा चालत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. समजा, एका गेमची किंमत २,००० रुपये लावलेली आहे. प्रत्येक हंगामी सेलमध्ये ती ५०० रुपयांना मिळते, हे ठाऊक असलेले ग्राहक मधल्या काळात थांबून राहतात, आणि बहुतेक विक्री ५०० रुपयांनाच होते. मग तिची चालू किंमत कोणती? २,००० चा आकडा वर्षातले बरेच दिवस पानावर असतो हे खरे, पण त्याचे मुख्य काम ५०० रुपये स्वस्त भासवणे एवढेच उरते.

युरोपीय संघाने या प्रश्नावर एक उपाय काढला. मे २०२२ पासून तिथे सवलत जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यापुढे जाऊन सवलतीचा टक्काही त्याच किमतीवरून काढला पाहिजे असे सांगितले. हा निकाल जर्मनीतल्या एका ग्राहक संघटनेने आल्डी या किराणा साखळीविरुद्ध नेलेल्या खटल्यात लागला, आणि वाद होता केळी आणि अननसाच्या जाहिरातीचा. केळ्यांवरून निघालेले तत्त्व केळ्यांपुरतेच राहत नाही, हे आपल्या क्षेत्रातल्यांना वेगळे सांगायला नको. पण वर दिलेले उदाहरण या नियमातूनही सुटते, कारण मागचा सेल संपून ३० दिवस उलटले की २,००० हीच मागच्या महिन्याची किंमत ठरते. उलट आपल्या २०१९ च्या कायद्यातले कलम २(४७) वाचा. वस्तू सर्वसाधारणपणे ज्या किमतीला विकली जाते तिच्याबाबत लोकांची दिशाभूल करणे ही तिथे अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे. कसोटी पानावर किती दिवस कोणता आकडा होता ही नाही. माल प्रत्यक्षात कोणत्या भावाने खपतो, ही आहे. डिजिटल दुकानात प्रत्येक विक्रीची नोंद वेळेसकट असते, तेव्हा आयोगाने मागितल्यास हे उत्तर काढणे विक्रेत्याला अवघड जाऊ नये. कायद्यातली तरतूद जुनी आहे. ती या बाजारात वापरून पाहायची एवढेच बाकी आहे.

आता वस्तूचे. या दुकानांत गेम विकत मिळत नाही, ती खेळण्याचा परवाना मिळतो. युबीसॉफ्टची ‘द क्रू’ ही मोटारशर्यतीची गेम २०१४ मध्ये आली. ती कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेली असल्याखेरीज चालत नसे. डिसेंबर २०२३ मध्ये तिची विक्री थांबली, ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही गेला; डबीतली चकती विकत घेतलेल्यांच्या हाती निरुपयोगी चकती उरली. त्याच वर्षी सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ ही गेम आल्यापासून दोन आठवड्यांत बंद केली, पण तिथे ग्राहकांना पूर्ण पैसे परत मिळाले. म्हणजे परतावा अशक्य नव्हता, जुन्या ग्राहकाला तो मागण्याचा हक्क नव्हता. सवलतीचा प्रश्न इथेच सर्वांत टोकदार होतो. गेम जुनी होत जाते तशी सवलत वाढते, आणि सर्व्हर बंद होण्याचा दिवसही जवळ येतो. मुदत संपत आलेली बिस्किटे निम्म्या किमतीत विकणाऱ्या दुकानदाराला पाकिटावरची तारीख झाकता येत नाही. इथे तारीख छापलेलीच नसते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल विक्रेत्यांना हा परवाना आहे असे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले, आणि त्याच सुमारास स्टीमने खरेदीच्या पानावर तशी ओळ टाकली. ती ओळ स्वागतार्ह आहे, पण परवाना किमान किती काळ टिकेल हे ती सांगत नाही. जीओजी हे दुकान गेमची फाइल उतरवून जपून ठेवू देते, इंटरनेटशिवाय चालेल अशी. दोन दुकानांत एकाच गेमची किंमत सारखी दिसली तरी माल सारखा नसतो, आणि तो फरक किमतीशेजारीच कळायला हवा.

यावर पहिला आक्षेप असा की ग्राहक खूश आहेत, मग तक्रार कोणाची? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमने रुपयांत किमती सुरू केल्यापासून आणि सेलमुळे आपल्याकडच्या असंख्य तरुणांना परवडणाऱ्या भावात चांगल्या गेम मिळाल्या. किमतीचा इतिहास दाखवणारी संकेतस्थळेही आहेत आणि जाणकार ती पाहतात. पण जाणकारांना तपासता येते म्हणून बाकीच्यांना सांगू नये, हा युक्तिवाद आपण वजनमापात कधी मान्य केला नाही. दुसरा आक्षेप छोट्या निर्मात्यांचा: सवलतीशिवाय आमच्याकडे कोण बघणार? सवलत बंद करा असे आम्ही म्हणतच नाही. ती द्यावी, फक्त ती कशावर आहे ते खरे सांगावे. ‘फॅक्टोरियो’ ही चेक निर्मात्यांची गेम सवलत न देण्याच्या जाहीर धोरणावर विकली जाते. २०२३ मध्ये तिची किंमत ३० वरून ३५ डॉलर केली तीही आधी सांगून. सगळ्यांना ते जमणार नाही, पण सरळ किमतीलाही गिऱ्हाईक मिळते एवढे त्यातून दिसते.

तिसरा आक्षेप वकीलमंडळी सर्वांत आधी घेतील: कंपनी परदेशी, करार परदेशी कायद्याचा. ऑस्ट्रेलियातही स्टीमची मालक कंपनी वाल्व्हने हेच म्हटले होते. तिथल्या फेडरल न्यायालयाने ते फेटाळले आणि परताव्याच्या हक्काबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. ते प्रकरण चालू असतानाच, जून २०१५ मध्ये, १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत देण्याची सोय स्टीमने जगभर सुरू केली होती. आपल्याकडे २०२० चे ई-कॉमर्स नियम डिजिटल उत्पादनांना लागू आहेत, आणि भारतात स्थापन न झालेल्या पण इथल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे विक्री करणाऱ्या कंपन्यांनाही.

तक्रार नेताना एक काळजी घ्यावी. परवान्याच्या अटी अन्याय्य करार म्हणून आव्हान द्यायच्या असतील तर जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते; खोडलेल्या किमतीबद्दलची तक्रार मात्र अनुचित व्यापारी प्रथा म्हणून ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यातच करता येते. दोन्ही एकत्र गुंफल्या तर पहिलीच तारीख अधिकारक्षेत्राच्या वादात जाईल. अनेक ग्राहकांचे हित गुंतलेले असेल तेव्हा कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडेही तक्रार पाठवता येते. पुरावा म्हणून चौकटीचे तारखेसह चित्र, तीच गेम आधीच्या सेलमध्ये कितीला होती त्याची नोंद आणि पैसे भरल्याची पावती, एवढे ग्राहकाने खरेदीच्या दिवशीच जपून ठेवावे, असे आपल्या सल्ला केंद्रांनी पुढचा हंगामी सेल लागण्याआधी सांगायला सुरुवात करावी.