पडती अक्षरं आणि ठिपक्यांचा गोल

परवा दादाचा फोन आला. "अगं, एक मस्त गेम मिळालाय. मराठी अक्षरं वरून पडतात, ती जुळवून शब्द करायचा. पोराचं मराठी सुधारेल बघ!" दादा न्यू जर्सीत असतो, पोरगा आठ वर्षांचा. मीही लगेच उतरवून घेतला (मला कुठे धीर असतो, घरचे जाणतातच).

दोन दिवसांनी भाच्याचा प्रश्न: "आत्या, हे ठिपक्यांचं गोल अक्षर कोणतं?"

मंडळी, ते अक्षर नव्हतंच. ती होती एकटी पडलेली वेलांटी. व्यंजनाशिवाय नुसती मात्रा दाखवायची झाली की फोन तिच्यापाशी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ काढतो. गेमवाल्यांनी युनिकोडमधला एकेक संकेत म्हणजे एकेक अक्षर धरलं आणि दिला वरून टाकून. त्यांच्या हिशेबाने 'स्त्री' सहा अक्षरी: स, पाय मोडायची खूण, त, पुन्हा तीच खूण, र, वेलांटी. 'विद्यार्थी' तर दहा! पाटीवर शिकलेल्या कुणालाही विचारा, स्त्री एक आणि विद्यार्थी तीन.

यावर दादा म्हणतो, "आपली लिपीच अवघड, ते तरी काय करणार?"

इथे माझं डोकं फिरलं. लिपी अवघड नाही, कष्ट नकोत! १९३० च्या दशकात आल्फ्रेड बट्स नावाच्या बेकार वास्तुरचनाकाराने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली आणि त्यावरून स्क्रॅबल बेतला. म्हणून इंग्रजी स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत 'ई' १२ आणि 'क्यू' एकच. आमच्या गेममध्ये मात्र ङ आणि ञ धो धो पडतात. ळ एकदाही दिसला नाही. बहुधा हिंदीचं गाठोडं उचलून त्यावर मराठीची चिठ्ठी चिकटवलीय.

बरं, शब्द जमला तरी सुख नाही. 'घर' चालतं, 'घरात' चालत नाही. 'घराला', 'घरच्यांनी' सगळं चूक! मराठी माणूस दिवसभर हेच तर बोलतो. नुसतं 'घर' शब्दकोशात राहतं, बोलण्यात त्याला शेपूट फुटतंच. म्हणजे पोरगा बरोबर लिहितो आणि यंत्र त्याला लाल फुली देतं. याला मराठी सुधारणं म्हणायचं? गंमत म्हणून खेळा, माझी ना नाही. मीही रात्री साडेबारापर्यंत खेळले (असो). पण शिकवणी म्हणून पोराच्या हातात देऊ नका.

अक्षर कसं धरायचं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. भेंड्यांमध्ये 'र्क' आला तर क घ्यायचा, 'ली' आली तर ल. मग गेममध्येही 'क' पडू दे, त्याला काना द्यायचा की वेलांटी ते खेळणाऱ्याने ठरवावं. सुटी वेलांटी कशाला टाकायची?

काल भाच्याला फोनवर गावांच्या भेंड्या शिकवल्या. त्याने 'न्यूअर्क' म्हटलं, मी क वरून 'कुडाळ'. पलीकडे शांतता. "आत्या, ळ वरून गाव?"

नाहीच रे बाबा. ळ आला की ल घ्यायचा, मी नियम सांगितला.

"चीटिंग!" म्हणाला.