बसची हद्द आणि पैशाची हद्द

१ जून २०२५ पासून पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या, म्हणजे पीएमपीच्या, बसचे किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला मासिक पास ९०० रुपयांवरून १,५०० रुपयांवर गेला. आधीची दरवाढ २०१४ मधली. त्यानंतर इंधन, पगार, सुटे भाग सगळेच महागले, तेव्हा कधीतरी तिकीट वाढणारच होते, हे मान्य करायला हवे. पण महिन्याला ६०० रुपयांचा जादा भार नेमका कोणावर पडला, हेही पाहायला हवे. ज्याच्या दारात दुचाकी उभी आहे तो पास काढत नाही. पास काढते ती मांजरीहून कोरेगाव पार्कात घरकामाला जाणारी बाई, वाघोलीहून कॅम्पातल्या दुकानात कामाला येणारा मुलगा. शहरातली घरे परवडत नाहीत म्हणून ही माणसे कडेला राहायला गेली आणि त्या कडेवरून रोज शहरात येण्यासाठी आता त्यांनाच जास्त मोजावे लागते. पीएमपीची तूट आहे, यावर वाद नाही. वाद आहे तो ती कोणी भरायची यावर, आणि त्याचा हिशेब आपण आजही जुन्याच नकाशावर मांडतो आहोत.

पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून २००७ साली हे महामंडळ उभे राहिले. तुटीचा वाटा ठरला पुणे महापालिकेचा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४०. नावात ‘महानगर’ आले, खिसे मात्र दोन महापालिकांचेच राहिले. पुढे २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए, स्थापन झाली. हवेली, मावळ आणि मुळशी हे तालुके पूर्ण, शिवाय भोर, दौंड, शिरूर, खेड, पुरंदर आणि वेल्ह्याचे काही भाग तिच्या कक्षेत आले. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत घेतली गेली. मग फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. हिंजवडीत देशभरातून आलेले हजारो अभियंते काम करतात, तरी तिथे अजून ग्रामपंचायतच आहे. म्हणजे हद्दीची रेघ मंत्रालयातून कधी पुढे सरकते, कधी मागे. हडपसरच्या गाडीतळावर उभ्या असलेल्या प्रवाशाचे घर आणि काम मात्र होते तिथेच राहते. बस त्याच्यासाठी धावते, पण तिचा खर्च रेघेच्या आतल्यांनी द्यायचा की बाहेरच्यांनी, यावर दरवर्षी नव्याने घासाघीस होते.

बस किती कमी आहेत, हे कळायला फार मोठे गणित लागत नाही. केंद्राच्या नगरविकास खात्याच्या निकषांत उत्तम सेवेसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे ६० बस धरल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाखांवर होती आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर. त्या जुन्या आकड्यांवरही सुमारे २,९०० बस हव्यात. पीएमपीचा ताफा मात्र दोन हजारांच्या आसपास घुटमळतो. नंतर वाढलेली लोकसंख्या आणि हद्दीबाहेरची गावे या हिशेबात धरलेलीच नाहीत. ताफा अपुरा असला की कात्री आधी कडेच्या मार्गांना लागते. तिथे एक फेरी रद्द झाली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो. मग माणसे शेअर रिक्षाकडे, वडापकडे वळतात आणि जमेल तेव्हा हप्त्याने दुचाकी घेतात. यानंतर ‘प्रवासीच नाहीत’ असा शेरा मारून उरलेली फेरीही काढली, तर तो प्रवाशांवर अन्याय आहे.

ग्रामीण भाग हे एसटीचे काम, असा एक आक्षेप नेहमी येतो. २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप लांबला तेव्हा पीएमपीने ग्रामीण मार्गांवर गाड्या सोडल्या आणि लोकांनी त्या भरून नेल्या. संप मिटल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तोटा होतो आणि हे क्षेत्र एसटीचे आहे म्हणून यातले अनेक मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय झाला. एसटीविषयी मला पूर्ण आदर आहे, खेड्यापाड्यांतला महाराष्ट्र तिने जोडला. पण तिची घडण तालुक्याहून तालुक्याला जाणाऱ्या प्रवाशासाठी झाली आहे. सकाळी शहरात कामाला येऊन रात्री घरी परतणाऱ्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी, जागोजागी थांबणारी गाडी लागते. चाकणचा कामगार किंवा सासवडचा विद्यार्थी कागदावर महापालिकांच्या हद्दीबाहेरचा असेल, त्याचा दिवस शहरीच आहे. एसटी ही सेवा देणार असेल तर तिचे स्वागत करावे, पण तिनेही दिली नाही आणि पीएमपीनेही काढून घेतली, तर त्या माणसाने जायचे कुठे?

दुसरा आक्षेप तोट्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. लांबच्या मार्गावर सकाळी शहराकडे येणारी गाडी खच्चून भरते आणि परतताना निम्मी रिकामी जाते. बहुतेक आगारे शहरात असल्याने पहिल्या फेरीसाठी गाडी रिकामी पळवावी लागते, आणि या मोकळ्या किलोमीटरवर सीएनजी किंवा वीज जळते, उत्पन्न शून्य. हे खरे आहे. पण त्यातला बराच तोटा मार्गाच्या माथी न मारता आखणीच्या खात्यात लिहायला हवा. गाड्या रात्री कडेच्या आगारात मुक्कामाला ठेवल्या आणि तिथेच चार्जिंगची सोय केली, तर मोकळे किलोमीटर घटतात. शहरातल्या मार्गांचा तोटा याउलट कोंडीतून येतो. लक्ष्मी रस्त्यावर रांगणारी बस दिवसात मोजक्याच फेऱ्या करते, चालक-वाहकांचा पगार मात्र तेवढाच. प्रति किलोमीटर उत्पन्नाच्या एकाच फूटपट्टीने दोन्ही मार्ग मोजले की कडेचा मार्ग आधी कापला जातो आणि कोंडीचे नुकसान कोणी मोजतच नाही.

एवढे करूनही तूट उरेल. ती भरायला महानगराच्या वाढीतून येणारा पैसा आहे. पीएमआरडीए आपल्या क्षेत्रातल्या बांधकामांवर विकासशुल्क घेते. पुण्यात घर घेणारा २०२२ पासून मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभारही देतो आणि लोक त्याला मेट्रो अधिभार म्हणूनच ओळखतात. बसच्या रोजच्या फेऱ्यांसाठी मात्र असा नेमलेला, हक्काचा वाटा नाही. तिला मदत मागावी लागते आणि ठराव होईपर्यंत वाट पाहावी लागते. फ्रान्सने हा प्रश्न १९७१ मध्ये पॅरिसपुरता आणि पुढे इतर शहरांसाठी वेगळ्या वाटेने सोडवला. तिथे ठरावीक संख्येहून अधिक माणसे कामाला ठेवणाऱ्या प्रत्येक मालकाला पगाराच्या रकमेवर सार्वजनिक वाहतुकीसाठी कर भरावा लागतो. हिंजवडी, चाकण आणि तळेगावातले उद्योग आज आपापल्या कंपनी बस चालवतात, म्हणजे वाहतुकीवर त्यांचा पैसा खर्च होतोच आहे. मात्र त्या बसमध्ये कॅन्टीनच्या कंत्राटी कामगाराला किंवा हिंजवडीशेजारच्या माण गावातल्या मुलीला जागा नसते. त्या खर्चाचा थोडा भाग सगळ्यांना चढता येईल अशा बसकडे वळवणे अवघड नाही.

पीएमपीच्या हाती पैसा दिला तर तो वायाच जाईल, असेही लोक म्हणतात. भर रस्त्यात बंद पडणाऱ्या गाड्या पाहिल्यावर त्यांचा राग समजू शकतो. पण मार्च २०२३ मध्ये ठेकेदारांनी बस बंद ठेवल्या त्या थकीत बिलांसाठी. पैसा वेळेवर येत नसेल तर ठेकेदाराला शिस्त लावण्याचा अधिकारही उरत नाही. त्यामुळे पैसा सूत्राने यावा, आणि सुटलेल्या व रद्द झालेल्या फेऱ्या मार्गवार दरमहा जाहीर करण्याची अट त्याला जोडावी. मेट्रो येतेच आहे, मग बस कशाला, या म्हणण्यात तर फारसा दम नाही. रामवाडीहून वाघोलीकडे आणि वनाजहून चांदणी चौकाकडे मेट्रो नेण्यास केंद्राने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. ती धावेपर्यंत काही वर्षे जातील, आणि धावू लागल्यावरही स्थानकापर्यंत पोहोचायला बसच लागेल.

तेव्हा पीएमआरडीएने विकासशुल्कातला ठरलेला हिस्सा दरवर्षी पीएमपीच्या खात्यात आपोआप जमा करावा आणि तिकीटवाढ हा तूट भरण्याचा शेवटचा उपाय ठेवावा. त्यासाठी नवे महामंडळ नको, नवी समितीही नको. प्राधिकरणाचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री आहेत, पुढच्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय त्यांना घेता येईल.