बॉनेटखालची बाराखडी

गेल्या मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी आमच्या एका सहकारी शिक्षकांची नवी मोटार दारातच अडून बसली. कन्येला परीक्षा-केंद्रावर पोचवायचे होते. दुरुस्तीवाल्यांकडून मात्र ‘दोन तास लागतील’ असे उत्तर आले. अखेर शेजारच्या एका वृद्ध टॅक्सीचालकाने बॉनेट उघडले, बॅटरीचे सैल झालेले टर्मिनल पान्याने आवळले आणि मोटार चालू झाली. पदार्थविज्ञान शिकविणारे आमचे सहकारी खजील झाले. त्यांनी ते बॉनेट त्यापूर्वी कधी उघडलेच नव्हते!

हा दोष त्यांच्या एकट्याचा नव्हे. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात मालकाला अर्धा मेकॅनिक व्हावेच लागे. अँबॅसडरच्या बॉनेटखाली हात मोकळा फिरेल एवढी जागा असे. पॉइंट घासून त्यांतील फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवणे, प्लगवरील काजळी काढणे, कार्ब्युरेटर साफ करणे, ही कामे रविवारी अंगणात होत. बॅटरी उतरली तर हँडल मारून इंजिन चालू करता येई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचे ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन आडवे बसविलेले असल्याने हात घालायला जागा कमी. पण तिच्या तक्रारीही कमीच. आजच्या मोटारींत पॉइंट नाहीत व कार्ब्युरेटरही नाही. इंधन किती व ठिणगी केव्हा, हे संगणक ठरवितो. बिघाडाचे निदानही बहुधा यंत्र जोडूनच करावे लागते.

म्हणून जुन्या मोटारींचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या मालकाला हात घालू देत, कारण त्यांना वारंवार हात लावावाच लागे. नवी मोटार क्वचितच काही मागते. म्हणूनच मालकाची पाहण्याची सवय मोडते.

तरीही थोडी बाराखडी आपल्याकडे उरली आहे. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, स्टेपनीसकट हवा तपासावी. मोटार सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे. कूलंटची पातळी टाकीच्या बाहेरूनच पाहावी. इंजिन तापलेले असताना झाकण कदापि उघडू नये. बॅटरीची टर्मिनले सैल नाहीत ना, त्यांवर पांढरट-हिरवट भुकटी जमली नाही ना, हेही पाहावे. विजेवरच्या मोटारीत इंजिन-ऑइलच नसते; तिच्या नारिंगी तारांना मात्र हात लावू नये. टायर व ब्रेक यांची काळजी तिलाही चुकत नाही.

या सर्वाला पंधरा मिनिटे पुरतात. येत्या रविवारी घरातील मुलामुलींना सोबत घेऊन बॉनेट उघडा. सारी दुरुस्ती आपल्याला येणार नाही. पण कोणते काम आपले आणि कोणते मेकॅनिकचे, एवढे तरी त्यांना कळेल.