चपडी लाख : आधी परीक्षा, मग पॉलिश

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले, की घरातल्या लाकडी सामानाकडे लक्ष जाते. देव्हारा काळवंडलेला असतो, आजीच्या वेळची पेटी निस्तेज झालेली असते. लेकीचे लग्न ठरले असेल, तर तिला द्यायच्या कपाटाला पॉलिश हवे असते. मग बाजारातून चपडी लाख आणि स्पिरिट येते, काम होते. पण कधी कधी आठ दिवस उलटले तरी कपाटाला बोट चिकटते, आत ठेवलेल्या साडीला डाग पडतो. सारे खापर सुताराच्या माथी फुटते. बहुतेक वेळा दोष त्याच्या हाताचा नसून शिळ्या लाखेचा असतो.

पेरणीपूर्वी तुम्ही शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहता ना? लाखेचीही तशीच परीक्षा घ्या.

लाख हे रानशिवारातलेच उत्पन्न. पळस, बोर, कुसुंब यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे रस शोषतात आणि अंगाभोवती कवच तयार करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पत्रे ओढतात. पत्रे मोडून जे पापुद्रे होतात, तीच चपडी. झारखंड, छत्तीसगडात लाख मोठ्या प्रमाणावर होते. आपल्याकडे गोंदिया, गडचिरोलीकडेही ती घेतली जाते. रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी १९२४ सालीच संस्था निघाली.

ही लाख दोन प्रकारे शिळी होते. कोरडी लाख गरम, दमट जागी फार दिवस पडली, तर पुढे स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही. आणि एकदा विरघळवली, की बाटलीत तिच्यात हळूहळू फरक पडतो. असे जुने पॉलिश लावल्यावर कडक वाळतच नाही. म्हणून स्वस्त मिळते म्हणून पाच किलो घेऊ नका. कामापुरती घ्या आणि उरलेली घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड जागी ठेवा.

घेताना पापुद्रे सुटे, चकचकीत आणि कडकन मोडणारे पाहा. एकमेकांना चिकटून गोळा झालेला माल उष्णता लागलेला असतो. स्वस्त मालात कधी राळेची भेसळ असते. चिमूटभर पूड टर्पेंटाइनमध्ये टाकून हलवा. लाख त्यात विरघळत नाही, राळ विरघळते. पूड बरीचशी नाहीशी झाली, तर तो माल परत करा.

आता उगवणीची परीक्षा. चमचाभर पापुद्रे थोड्या स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी द्रावण थोडे गढूळ दिसले तरी हरकत नाही. तो लाखेतला मेणाचा अंश असतो. पण तळाशी न विरघळणारा, लिबलिबीत गोळा राहिला, तर लाख जुनी समजा. विरघळली असेल, तर एक थेंब काचेच्या तुकड्यावर पसरा. दुसऱ्या दिवशी तो नखाला कडक लागला, तरच ती लाख लाकडाला लावा.

एक लिटर स्पिरिटला दीडशे ग्रॅम लाख पुरे. काचेच्या बरणीत भिजवा. लोखंडी डब्यात रंग काळपट होतो. अधूनमधून हलवा आणि विरघळल्यावर मलमलीतून गाळा. बरणीवर तारीख लिहा व तीन महिन्यांत संपवा. त्यापुढे उरलेच, तर पुन्हा काचेवर थेंब टाकून पाहा.

लाकूड पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा, धूळ पुसा. जुन्या धोतराच्या फडक्यात कापूस घालून बोळा करा आणि पातळ हात द्या. एक हात वाळला की बारीक पेपर हलकेच फिरवून दुसरा द्या. जाड दोन हातांपेक्षा पातळ पाच हात बरे. पावसाळी, दमट हवेत हे काम काढू नका. पॉलिशवर पांढुरकी झाक येते.

लाखेचा मोठा गुण असा, की नवा हात जुन्या थरात मिसळून जातो. चार वर्षांनी ओरखडा पडला, तर सारे खरवडावे लागत नाही. पण गरम पातेले, सांडलेले पाणी आणि सोड्याचे पाणी तिला सोसत नाही. तेव्हा देव्हारा, पेटी, कपाट यांना ती उत्तम. बाहेरचे दार, न्हाणीतला पाट, औताची मूठ यांना नको.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. हे स्पिरिट विषारी असते. पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो. पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नका. बाटलीवर ठळक अक्षरांत 'विष' लिहा आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी कुलपात ठेवा. स्पिरिट भडकन पेटते, म्हणून लाख चुलीवर तापवून विरघळवायची नाही. काम उघड्या ओसरीवर करा, आणि ते वाळेपर्यंत जवळ विडी, दिवा, उदबत्ती काही नको.

यंदा कपाटाला हात घालण्यापूर्वी काचेवरच्या त्या एका थेंबाला एक दिवस द्या.