शिवेपर्यंतचा प्रवास

सीमोल्लंघन हा शब्द ऐकला की वाटते, आता घोडी सजणार, निशाणे निघणार आणि निदान अटकेपर्यंत तरी मजल जाणार. प्रत्यक्षात काय होते? दसऱ्याच्या तिसऱ्या प्रहरी गावकरी मंडळी शिवेवरच्या शमीपर्यंत जातात, पूजा करतात, आपट्याची पाने घेतात आणि दिवेलागणीला घरी परतून ओवाळून घेतात. सारा प्रवास मैल-दीड मैलाचा. तरी त्याला कोणी 'जरा फिरून आलो' म्हणत नाही. प्रवासाचे मोल मैलांवर मोजावयाचे नसते, हे शहाणपण त्या एका शब्दात साठवलेले आहे. आम्हां शहरवासीयांना ते उमजण्यासाठी मात्र २०२० साल उजाडावे लागले.

त्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. आमचे पाच माणसांचे कुटुंब पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. सासूबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि मधुमेह त्यांचा जुना सोबती. पाडव्यापासून गणपतीपर्यंत त्या एकदाही जिना उतरल्या नाहीत. पहिले दोन महिने वाती वळण्यात गेले. शेजारणींना वाटूनही उरतील एवढ्या वाती झाल्या. मग एके दिवशी कापूस तसाच पडून राहिला. पुढे पुढे सकाळी विचारलेली तिथी त्या संध्याकाळी पुन्हा विचारू लागल्या. मी मोबाईलसमोर बसून मुलांना शब्दशक्ती शिकवीत असे आणि पलीकडच्या खोलीत आमचे एक माणूस शब्दावाचून बसलेले असे. डॉक्टर फोनवर म्हणाले, "औषधे आहेत तीच चालू द्या. त्यांना जरा ऊन आणि माणसे मिळायला हवीत." या दोन्ही वस्तू तेव्हा कोणत्याच दुकानात मिळत नव्हत्या.

ह्यांनी गाडीतून कोठेतरी जवळपास जाऊन येण्याचा बेत काढला, तेव्हा पहिला विरोध केला तो आमच्या दहावीतल्या मुलीने. "आजीला बरे वाटेल हे खरे, पण आपणच रोग घेऊन गेलो तर?" असे तिने विचारले. प्रश्न रास्त होता. त्याच उन्हाळ्यात पोराबाळांना खांद्यावर घेऊन मजूर शेकडो मैल पायी आपापल्या गावी गेले होते. कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकून पाट्या लावल्या होत्या. पावसाळ्यात धरणे आणि धबधबे पर्यटकांना बंद होते, तरीही हौशी मोटारी तिकडे जात आणि पोलीस त्यांना परत पाठवीत. 'सहल' हा शब्द उच्चारायची लाज वाटावी असे ते दिवस. तेव्हा मी एक वही काढली आणि तिची दोन पाने आखली. एका पानावर लिहिले, 'आपल्याला काय लागेल?' दुसऱ्यावर लिहिले, 'आपल्यामुळे कोणाला काय होईल?' दुसरे पान भरल्याशिवाय निघायचे नाही, असे ठरले.

पहिल्या पानावर नकाशाचा काही उपयोग झाला नाही. पूर्वी आम्ही आधी स्थळ ठरवीत असू, कोकण म्हणा की महाबळेश्वर, आणि मग माणसे त्यात बसवीत असू. आता सासूबाईंपासून आरंभ करावा लागला. त्यांना दोन तासांच्या आत न्हाणीघर जवळ असावे लागते. वाटेवरची हॉटेले ५ ऑक्टोबरपासून निम्म्या ग्राहकांसाठी उघडली होती. परंतु अनोळखी माणसांच्या वर्दळीतल्या मोरीत त्यांना नेण्याची आमची तयारी नव्हती. बायकांनी वाटेत जावयाचे कोठे, हा प्रश्न आपल्या प्रवासवर्णनकारांना फारसा पडलेला दिसत नाही. आमच्या बेताचा तर तोच कणा होता. म्हणजे अंतर तासा-सव्वातासाचे हवे आणि पलीकडच्या टोकाला आपले म्हणावे असे घर हवे. एवढे लिहिल्यावर गाव आपोआप ठरले. सासवडच्या पुढे दोन कोसांवर सासूबाईंचे माहेर. जिल्हा आपलाच. शिवाय जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पाससुद्धा सप्टेंबरच्या आरंभी रद्द झाला होता.

बाकीच्या गोष्टी सरळ होत्या. हा रोग श्वासातून आणि कोंडलेल्या हवेतून पसरतो, म्हणून गाडीतले एसी बंद आणि चारही काचा खाली. गाडीत एका घरची माणसे तेवढी; 'एक जागा आहे तर येऊ का?' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना नम्र नकार. पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवायचे. दशम्या, चटणी, पाणी आणि साबण बरोबर घ्यायचे. सासूबाईंची साखर अचानक उतरली तर म्हणून खडीसाखरेची डबी त्यांच्याच पिशवीत. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला चौदा दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी दोन आठवडे ह्यांनी मंडईसुद्धा बंद केली. भाजी-किराणा दारातच घ्यायचा.

दुसऱ्या पानाला अधिक विचार लागला. सासूबाईंचे थोरले भाऊ एक्याऐंशी वर्षांचे. त्यांना फोन करून 'येऊ का?' विचारले असते, तर ते 'या' म्हणाल्यावाचून राहिले नसते. आपल्याकडे पाहुण्याला नको म्हणायची रीत नाही आणि बहिणीला तर नाहीच. म्हणून मी फोन केला तो मामांच्या सूनबाईंना. घर चालविते तीच. नको म्हणण्याचे धैर्यही तिच्यातच असणार. "मोकळेपणाने सांगा, नको असेल तर आम्ही दिवाळीनंतर बघू," असे मी म्हटले. तिने दोन दिवस मागून घेतले. मग तिचाच फोन आला. "वन्स, या. पण अंगणातच बसू. घरात कोणी यायचे नाही आणि जेवायचा आग्रह आम्ही करणार नाही. मागचे न्हाणीघर वेगळे आहे, ते आत्यांसाठी धुऊन ठेवते." दारी आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ न देणाऱ्या घरातल्या सुनेला हे वाक्य किती जड गेले असेल! पण तिच्या स्पष्टपणामुळे आम्ही निर्धास्त झालो.

रविवार, २५ ऑक्टोबर, दसऱ्याचा दिवस. सकाळी आठला निघालो. हडपसर मागे पडले आणि दिवे घाट लागला. दरवर्षी ज्ञानेश्वर माउलींची पालखी हा घाट चढते. त्या वर्षी माउलींच्या पादुका एस. टी. च्या बसमधून पंढरपुरास गेल्या होत्या. खाली मस्तानी तलाव भरलेला दिसला. घाट चढून वर आल्यावर डाव्या हाताला मल्हारगड. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास तो बांधला. महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधलेला किल्ला म्हणून त्याला ओळखतात. राजस्थानचे किल्ले पाहून आलेली आमची मुले घरापासून तासाभरावरचा हा किल्ला प्रथमच बघत होती. सासवडला नदी आली. "ही कऱ्हा," मी म्हटले. आचार्य अत्रे जवळच्याच कोडीतचे. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'कऱ्हेचे पाणी'. धाकट्याला आमच्या कपाटातली ती जाडजूड पुस्तके ठाऊक होती. "म्हणजे खरेच नदी आहे होय?" तो म्हणाला. आजवर त्याला ते पुस्तकाचे नुसते नाव वाटत होते.

पण माझे लक्ष सासूबाईंकडे होते. घाट संपल्यापासून त्या बोलू लागल्या होत्या. ही विहीर कोणाची, ती चिंच कोणी लावली, कोणाच्या मळ्यात पेरू चोरताना दादा पकडले गेले, सारे काही. तिथी दोनदा विचारणाऱ्या बाईला साठ वर्षांपूर्वीची बांधाबांधाची नावे पाठ होती.

अंगणात दोन बाजूंना दोन खाटा टाकल्या होत्या आणि मध्ये तुळशीवृंदावन. सासूबाईंनी आपट्याची पाने वृंदावनाच्या कट्ट्यावर ठेवली आणि त्या मागे सरल्या. मामा काठी टेकीत पुढे आले, पाने उचलली आणि आपली पाने तेथे ठेवली. "दादा, सोने घ्या, सोन्यासारखे राहा. नमस्कार लांबूनच." मामांना कमी ऐकू येते, त्यात सर्वांच्या तोंडावर मास्क. त्यामुळे प्रत्येक वाक्य ओरडून म्हणावे लागे आणि ओरडले की दोघांनाही हसू फुटे. दीड तास बोलले, तेही बहुतेक कधीकाळच्या एका मारक्या म्हशीबद्दल. आम्ही इकडे दशम्या खाल्ल्या, त्यांनी तिकडे पुरणपोळी खाल्ली. परतताना रस्त्याकाठी एका बाईकडून सीताफळांची पाटी घेतली. त्या भागातली सीताफळे नामांकित आणि त्या वर्षी गिऱ्हाईक कमी. घासाघीस न करता तिने सांगितलेले पैसे दिले. आपण दुसऱ्याच्या शिवेत जाऊन आलो, तर तेथे काहीतरी ठेवूनही यावे. दिवेलागणीला घरी पोचलो.

पुढचे चौदा दिवस दोन्ही घरी रोज ताप पाहिला जाई आणि रात्री फोन होई. कोणालाच काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी कापसाचा डबा मागून घेतला.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, मामा गेले. त्या वेळी सासूबाईंना नेणे शक्यच नव्हते. त्या एवढेच म्हणाल्या, "दसऱ्याला भेट झाली होती." तो दिवस आम्ही नीट आखला म्हणून घडला, याचे मोल मला तेव्हा कळले. 'सारे निवळले की निवांत जाऊ' असे म्हणत बसलो असतो, तर निवांतपणा आला असता, पण मामा नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता मास्क कपाटाच्या तळाशी गेले आहेत, आणि जोडून सुट्टी आली की घाटांत मोटारींच्या रांगा लागतात. दूर जाण्याला माझी हरकत नाही, आम्हीही जातो. परंतु ती दोन पानांची वही चालू आहे. देवळे १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. त्यानंतर यवतजवळच्या भुलेश्वराला जाऊन तेथला स्त्रीरूपातला गणपती पाहून आलो. प्रत्येक बेत असाच सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा आणि गाडीत सासूबाईंची जागा राखून ठेवण्याचा.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत आपणही बेत आखाल. तेव्हा आधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला विचारा, त्याला किती वेळ बसवते आणि कोणाला भेटावेसे वाटते. मग जेथे जायचे तेथल्या घरच्या बाईला विचारा, तिला केव्हा सोयीचे पडेल. या दोघांची उत्तरे मिळाली की स्थळ शोधायला नकाशा फारसा उघडावा लागत नाही. बहुधा ते तासाभराच्या वाटेवरच असते.